आजीकडं मग कोण राहिलं?

चिऊ,

हॅम्बुर्गच्या नव्या घरासाठी खोकी भरताना तू दोन प्रश्न विचारलेस. एक, "आई, अन्नपूर्णा तुला आजीनं दिली ना, मग आजीकडं कोण राहिलं?" आणि दुसरा, "ओटा, कपाटं, सिंकसुद्धा ट्रकमधून चाललंय, मग ही एवढीशी मूर्ती तू पर्समध्ये का ठेवलीस?" तुला सावकाश वाचता यावं म्हणून लिहूनच देतेय.

आजीची अन्नपूर्णा आजीकडंच आहे, सांगलीच्या देवघरात. ती तिला तिच्या आईनं दिली होती. मुलीच्या लग्नात आई स्वतःची मूर्ती काढून देत नाही, नवी आणते. माझी पुण्याच्या तुळशीबागेतली. पितळेची, तीन बोटं उंच, मांडी घालून बसलेली, हातांत आडवी पळी. तिच्या पळीची एक कड बोटानं चाचपून बघ, गुळगुळीत झालीय. ती माझ्या रोजच्या पुसण्यानं.

लग्नाच्या दिवशी नवरी मांडवात जायच्या आधी गौरीहरापाशी बसते. पिवळी साडी नेसून, तांदळावर अन्नपूर्णा ठेवून, चिमूटचिमूट तांदूळ वाहत. बाहेर सनई, पाहुण्यांची वर्दळ, कुणाचं तरी काहीतरी हरवलेलं. आणि आत तिनं मात्र कुणाशी न बोलता तेवढंच करत राहायचं. लग्नातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. माझ्या मागं आजी उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या पाठीवरचा पदर नीट करत राहिली. तो आधीच नीट होता. पूजा झाली की तीच मूर्ती नवरीबरोबर सासरी जाते, सोबत बाळकृष्ण. सासरच्या देवघरात इतर देव थोडे सरकवून तिला जागा करतात.

मला ही रीत फार आवडते. परक्या घरात शिरणाऱ्या मुलीबरोबर तिचं स्वतःचं, आईनं दिलेलं कुणीतरी असतं. तुझ्या पणजीचं लग्न झालं तेव्हा ती तुझ्याहून थोडीच मोठी होती. तिच्याकडं न्यायला होतं तरी काय! दोन-चार लुगडी, थोडी भांडी, अशीच एक मूर्ती आणि पाठ असलेल्या ओव्या. पहाटे जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणायच्या: माहेरच्या, भावाच्या, सासरी सोसलेल्या गोष्टींच्या. मोठ्यानं कुणाला सांगता येत नव्हतं ते जात्याला सांगायच्या. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. एवढ्या ओव्या बायकांनी कागदाशिवाय, डोक्यात आणि गळ्यात, एका घरातून दुसऱ्या घरात नेल्या. पणजीची एकही ओवी आमच्यापैकी कुणाला येत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिची गोधडी मात्र आहे, तू पांघरतेस तीच. आतला मऊ थर तिच्या लुगड्यांचा. कडेनं सुरू होऊन चौकोनात चौकोन घेत मधोमध येणारा तो धावदोरा तिच्या हातचा. एका कोपऱ्यात टाके अचानक मोठे आणि वाकडे झालेत. आजी म्हणते, तो कोपरा लहानपणी तिनं स्वतः शिवलाय. गोधडी ट्रकमधून जाईल, पण धुतलेल्या चादरीत गुंडाळून. खोक्यावर नाव तू घाल.

सगळंच उचलून न्यायचं असतं असंही नाही. बाबांच्या घरचे टाक, म्हणजे खंडोबा आणि भवानी घडवलेले चांदीचे छोटे पत्रे, मोठ्या काकांकडं साताऱ्यात आहेत. भाऊ वेगळे राहू लागले की कुणी नवे टाक घडवून जेजुरीला देवाच्या भेटीला नेतात, कुणी थोरल्या घरचेच आपले मानतात. बाबांनी नवे केले नाहीत. चंपाषष्ठीला त्यांना काकांच्या घरी फोन करायचा असतो, आरती ऐकायची असते. एक धागा तिकडं बांधलेला राहू दे, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं.

आता पर्सचं. इथं जर्मनीत भाड्याच्या घरात बऱ्याचदा ओटासुद्धा नसतो, म्हणून म्युनिकचं स्वयंपाकघर स्क्रू काढून हॅम्बुर्गला चाललंय. ते मोडलं, हरवलं तर दुसरं घेता येईल. देव मात्र हातातून न्यायचे आणि नव्या घरात सगळ्यात आधी ठेवायचे, असं मी घरी पाहिलंय. अन्नपूर्णा वाटीतल्या तांदळावर बसते, म्हणून पर्समधल्या डबीत तांदूळही आहेत. तिला रिकाम्या वाटीत नेत नाहीत.

मग दूध उतू घालायचं. भरल्या घरात काही कमी पडू नये, त्यासाठी. तुझ्या मैत्रिणीची आई इथल्या रीतीप्रमाणं नव्या घरासाठी पाव आणि मीठ घेऊन येणार आहे, तेही जवळपास त्याचसाठी. कोकणातले बहुतेक बेने इस्रायली ज्यू १९४८ नंतर इस्रायलला गेले, तिथंही ते शुभकार्याला पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा करतात. घर सुटलं, समुद्र ओलांडला, तरी पोहे सुटले नाहीत! दुधासाठी सर्वात लहान पातेलं वर ठेव, या शेगडीवर सांडलेलं निघता निघत नाही.

आता एक मी तुला विचारते. मूर्ती फक्त मुलीला द्यायची आणि तीही लग्नातच, हे मला पूर्वीपासून पटत नाही. घर सोडून तू शिकायला जाशील तेव्हाही तुला कुणीतरी सोबत लागेल, आणि दादालाही. तो तर पुढच्याच वर्षी निघतोय आणि वरण-भात त्याला तुझ्यापेक्षा बरा येतो. या डिसेंबरात पुण्याला गेलो की तुळशीबागेतून दोन घ्याव्यात असं माझ्या मनात आहे. तुला नको असेल तर नको म्हण, मला राग येणार नाही. हवी असेल तर तूच निवड. पितळेची की चांदीची, तेवढं आधी सांग, म्हणजे आजीला कळवते.

तुझी,
आई