विनोदी चित्रांनी रूढींवर बोट ठेवता येतं का, की लोक नुसते हसून विसरतात?

ठेवता येतं. पण मंत्र्याचं नाक लांब काढून नाही. ते सोपं असतं, आणि ते बघून कुणाची झोप उडत नाही.

माझी आत्या सांगलीत हळदीच्या वखारीत निवडायला जायची. संध्याकाळी घरी यायची ती कोपरापर्यंत पिवळी. नखांच्या कडांतला रंग सुट्टीच्या दिवशीही निघायचा नाही. संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू असलं की कोयरी तीच घासायची, तिळाचे लाडू तीच वळायची आणि बायका यायला लागल्या की आत जाऊन बसायची. नवरा गेलेला ना.

एका वर्षी मी हेच काढलं. वखार, सगळं पिवळं. पोती पिवळी, तराजू पिवळा, हमालाच्या मिशा पिवळ्या. पोत्यावर झोपलेल्या मांजराच्या कपाळावर तर नेमका टिकलीएवढा ठिपका. मधोमध आत्या, पिवळीधमक. कपाळ तेवढं कोरं. खाली एक शब्द नाही, शि. द. फडणिसांची बिनशब्दांची हास्यचित्रं बघत वाढलोय, ओळ लिहायची गरजच वाटली नाही.

गल्लीतल्या मंडळाच्या प्रदर्शनात लावलं. लोक मांजराला हसायचे, मिशांना हसायचे, मग नजर मध्यावर यायची आणि हसू तिथंच थांबायचं. बाजूला उभा राहून मी हे दिवसभर पाहिलं. नुसतं दुःख काढलं असतं तर चुकचुकून पुढं गेले असते.

संध्याकाळी चित्र उतरवायला लावलं. सणासुदीला अशुभ म्हणे. थोरला भाऊ अजून म्हणतो, "विनोद करायचा तर राजकारणावर कर, घरातलं चव्हाट्यावर कशाला?" अरे दादा, रूढी घरातच पाळतात, मग चित्र दुसरीकडचं कशाला काढू? बंगालचे व्यंगचित्रकार गगनेंद्रनाथ टागोर यांनी १९१७ च्या सुमारास जातिव्यवस्थेच्या जात्यात भरडली जाणारी माणसं काढली, ती स्वतःच्याच समाजातली.

अर्थात एकट्या चित्रानं काही होत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद केल्या, त्या ग्रामपंचायतीत ठराव करून.

आणि ज्याचं दुखणं काढताय त्याला आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, चुकलंच. चित्र घरी आलं तेव्हा आत्यानं ते बराच वेळ पाहिलं. "माझे हात याहून पिवळे असतात," एवढंच म्हणाली. तिच्यादेखतच ब्रश घेऊन मी ते गडद केले.