नवा पूल झाल्यावर जुना पूल गळ टाकणाऱ्यांसाठी खुला करता येईल का?

गोदावरीवर नवा पूल झाला, जुना कमी उंचीचा दगडी पूल पडून आहे, तिथं ग्रामपंचायतीला गळ टाकायची सोय करायची आहे, असा तुमचा प्रश्न. करता येते. फ्लोरिडातला सनशाइन स्कायवे पूल १९८० साली जहाज धडकून तुटला; त्याच्या उरलेल्या टोकांवर आज लोक गळ टाकून बसतात.

पण पूल वरून बघून ठरवू नका. मे महिन्यात पाणी उतरलं की पायाशी जा. आपल्याकडं वाळूउपशानं पात्र खाली जातं, पाया उघडा पडतो आणि पुढच्या पुरात खांबाखालचा भराव खरवडून निघतो. वरचं डांबर मात्र धड दिसतं. कमानीतला चुना धुऊन गेलाय का, चिरा आहेत का, तेही बघा. पिंपळ उगवला असेल तर नुसता छाटून भागत नाही. मूळ काढून सांधा भरावा लागतो.

गाड्या बंद झाल्या म्हणजे भार संपला, असं नाही. रस्ते-पुलांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६ या मानकात पायी चालणाऱ्यांसाठी चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात, गर्दीच्या ठिकाणी ५००. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दी असतानाच कोसळला, ४ जण गेले. त्यामुळं सार्वजनिक बांधकाम विभागाकडून भारक्षमता लेखी घ्या आणि एका वेळी किती माणसं, ते फलकावर लिहा.

सगळ्यात जास्त चुकतं ते कठड्यात. पुरात बुडणाऱ्या पुलावर पक्का कठडा बांधला की जलपर्णी, फांद्या त्यात अडकतात, बंधारा तयार होतो आणि पाण्याचा सगळा रेटा पुलावर येतो. खोबणीत बसणारे, काढता येणारे लोखंडी पाइप लावा, उंची १.१ मीटर. पावसाळ्याआधी ते काढायचे आणि दोन्ही टोकांना फाटक लावून पूल बंद करायचा. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी चढायला वेळ लागत नाही.

आता मासे. खांबाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह पुढं जातो त्या बाजूला, पाणी संथ असतं, डोह पडलेला असतो. तिथं कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून गळ सरळ खाली सोडायचा. डोक्यावरून फेकायचं नाही, मागून लोक जातात. विजेची तार जवळून जात असेल तर कार्बनची काठी नकोच, तिच्यातून वीज वाहते. तीन किलोचा रोहू तंगुसानं (गळाच्या नायलॉन दोऱ्यानं) वर ओढला तर ओठ फाटतो, नाहीतर दगडाच्या कडेला घासून तंगूस तुटतो. दोरीला बांधलेलं ६०-७० सेंटिमीटरचं गोल जाळं खाली सोडून त्यात मासा घ्या. तुटलेल्या तंगुसासाठी एका टोकाला पाइपचा डबा ठोका, नाहीतर बगळे त्यात अडकतात.

मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडं असेल तर आधी त्यांच्याशी बोला, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही विचारा. पूल नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या फुगवट्यात असेल तर तिथं १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेव्हा वनखात्याकडं पहिला अर्ज.