घरी विचारून सांगतो

लेकरा,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तू इतक्या जोरात बोलत होतास की मी नुसतं ऐकून घेतलं. मधे काही म्हटलं असतं तर तू वाद घातला असतास. म्हणून लिहितेय. जेवून, निवांत बसून वाच.

तू सांगितलंस ते असं. रविवारी संभाजीनगरला हॉटेलात मोफत सेमिनार होता, कारखान्यातल्या मित्रानं नेलं. सकाळी नऊला बसलेले लोक संध्याकाळी पाचला उठले. शेवटी शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगच्या कोर्सची किंमत पडद्यावर आली, १,२५,०००. मग ती खोडली आणि आजच्या दिवसापुरते ४५,०००. तू २,००० टोकन मोबाइलवरून भरलेस. उरलेले ४३,००० बुधवारी संध्याकाळपर्यंत भरायचे, नाहीतर जागा जाणार. तिथलाच एक मुलगा फोनवरच हप्ते करून द्यायला तयार आहे, ते जमलं नाही तर आईला बचत गटातून उचलायला सांगणार. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, “मॅडम, बाबांना एवढ्यात सांगू नका. त्यांना हे कळायचं नाही.”

ते शेवटचं वाक्य तुझं नाही. मला ते ओळखू येतं, कारण एके काळी मी ते लोकांच्या तोंडी घालायचं काम पगार घेऊन केलंय.

तुला टॅली शिकवली तेव्हा हे कधी सांगितलं नाही. बी.कॉम. झाल्यावर दीड वर्ष मी औरंगाबादला, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, अशाच एका कंपनीत नोकरी केली. ‘श्रीमंतीचा मार्ग’ शिकवणारी शिबिरं असायची. मी हॉलच्या मागच्या टेबलावर पावतीपुस्तक घेऊन बसायचे. आम्हाला एक छापील कागद पाठ करायला दिला होता. डाव्या बाजूला गिऱ्हाईक काय म्हणेल, उजव्या बाजूला आपण काय म्हणायचं. ‘पैसे नाहीत’ याला तीन उत्तरं होती. ‘वेळ नाही’ याला दोन. ‘घरी विचारून सांगतो’ याला सात.

सात उत्तरं का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. पैसे नसलेला माणूस कुठून तरी आणतो. घरी विचारायला गेलेला माणूस परत येत नाही.

एक दिवस जिंतूरकडचे एक गृहस्थ टेबलाशी आले. पन्नाशीचे असतील. धोतर, वर स्वच्छ इस्त्रीचा सदरा. वसमतच्या बाजारात हळद घालून थेट आले होते, पिशवीतून नोटा काढल्या तर कडेला पिवळट झालेल्या. मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, “ताई, मालकिणीला विचारून उद्या आलो तर चालंल का?” मी पाठ केलेलं चौथं उत्तर दिलं: “दादा, आजवर सगळं विचारूनच केलंत ना? मग आज इथं का बसावं लागलं?” त्यांचा चेहरा उतरला. आजूबाजूला चार माणसं उभी होती. त्यांनी मान खाली घालून उरलेल्या नोटा मोजल्या आणि पुढे सरकवल्या. मी पावती फाडली. त्या महिन्याचा माझा आकडा त्या पावतीनं पूर्ण झाला होता.

ती माणसं पुढं काय शिकली, काय कमावली, याची कुठं नोंदही नव्हती. नोंद फक्त पावत्यांची होती. मी नोकरी सोडली, पण त्या गृहस्थांना शोधून पैसे परत करायची हिंमत माझ्यात तेव्हा नव्हती. आज ते जिवंत आहेत की नाहीत, माहीत नाही. म्हणून तुझं ते वाक्य ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

आता तुझ्या रविवारकडे बघ. दारात फॉर्म भरून घेतला ना? नाव, नोकरी, पगार, घरी कोण कोण, कर्ज किती, ‘तुमचं सर्वांत मोठं स्वप्न’. तू स्वप्नाच्या पुढं काय लिहिलंस ते मी न बघता सांगते: आई-वडिलांना चांगलं घर. आमच्याकडं दहातल्या आठ फॉर्मांवर तेच असायचं. दुपारच्या सुट्टीत ते फॉर्म आम्ही वेगळे लावायचो, कुणाला कुठं हात घालायचा ते ठरवायला. मग संध्याकाळी तुझ्या खांद्यावर हात ठेवून कुणीतरी म्हणतं, “घर बांधायचंय ना आई-बाबांना?” आणि तुला वाटतं, या माणसानं माझं मन ओळखलं.

सकाळपासून हात वर करायला लावतात, ‘हो’ म्हणायला लावतात, उभं करून टाळ्या वाजवायला लावतात. हे करमणुकीसाठी नसतं. दिवसभर ‘हो’ म्हणालेल्या माणसाला सगळ्यांदेखत ‘नाही’ म्हणणं जड जातं. जेवण उशिरा, चहा त्याहून उशिरा. किंमत सांगतात ती तू थकल्यावर. ‘पहिल्या वीस जणांना’ म्हटल्याबरोबर जे पळत टेबलाकडं येतात, त्यातले पहिले दोघं-तिघं आमच्याच कंपनीचे असायचे. तुझ्या हॉलमध्ये तसं होतं असं मी म्हणत नाही, मी तिथं नव्हते. पण जागा वीसच असतील तर बुधवारपर्यंत तुझ्यासाठी थांबली कशी, एवढं विचार.

तेव्हा आमच्याकडं रोख किंवा चेक चालायचा. माणसाला निदान बँकेत जावं लागायचं, त्या वाटेवर कुणी ओळखीचं भेटायचं. आता तुमच्या हातातल्या फोनवर पाच मिनिटांत कर्ज मंजूर होतं. ती वाटच उरली नाही. हा फरक मला सगळ्यात भयंकर वाटतो. आणि नीट लक्षात घे, हप्त्यांचं कर्ज तुझ्या नावावर असतं. कोर्स घेणारे उद्या गायब झाले, शिकवणं टाकाऊ निघालं, तरी दर महिन्याला पैसे तुझ्याच खात्यातून जाणार, आणि चुकले तर तुझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होणार.

सरांनी पडद्यावर नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवले म्हणालास. एका दिवसाचा स्क्रीनशॉट म्हणजे एका दिवसाचा स्क्रीनशॉट. मी लोकांची रिटर्न भरते. फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांचा, हिशेब आयटीआर-३ या रिटर्नच्या फॉर्ममध्ये दाखवावा लागतो, आणि दरवर्षी रिटर्नच्या दिवसांत माझ्यासमोर तुझ्याच वयाची पोरं ब्रोकरचं स्टेटमेंट घेऊन बसतात. हळू आवाजात विचारतात, “मॅडम, हे घरी कळणार नाही ना?” त्यांना मी एवढंच सांगू शकते की रिटर्न मुदतीत भरलं तर हा तोटा पुढची ८ वर्षं ओढून धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो.

माझ्या खुर्चीसमोरचं सोड, देशाचं बघ. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणारी १ कोटीहून जास्त माणसं तपासली. त्यातली ९३ टक्के तोट्यात. तोटा माणशी सरासरी २ लाखांच्या आसपास, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा झालेले किती? १ टक्का. सरांनी हा आकडा सांगितला होता का रे, नऊ ते पाचमध्ये?

त्यांनी सांगितलेला आकडा तू मला सांगितलास, ‘दिवसाला फक्त १ टक्का’. ऐकायला किती साधा. वही घे आणि मांड. वर्षात बाजार साधारण २५० दिवस चालतो. १ लाखावर रोज १ टक्का चढत गेला तर वर्षाखेरीस १२ लाख होतात. दुसऱ्या वर्षाखेरीस दीड कोटीच्या जवळ. तिसऱ्या वर्षी १७ कोटींच्या वर. हे ज्याला खरंच जमतं त्याला तुझे ४३,००० बुधवारच्या आत कशाला हवेत?

कायद्याचंही थोडं सांगते. कुठला शेअर घ्या, कुठला विका हा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर सेबीकडं नोंदणी लागते. सल्लागाराचा नंबर ‘आयएनए’नं सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा ‘आयएनएच’नं, आणि तो सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. ‘आम्ही फक्त शिकवतो’ म्हणणाऱ्यांनाही सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये गेल्या ३ महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअरची नावं सांगायला मनाई केली. तुमच्या सरांनी ‘उद्या सकाळी हा घ्या’ म्हणून एक नाव दिलं होतं, तूच मला सांगितलंस. ते शिकवणं नव्हे.

आता बाबांचं. हॉलमध्ये म्हणाले ना, “तुमच्या वडिलांनी आयुष्यभर कष्ट केले, काय मिळालं?” आणि तुला ते पटलं. मला राग येतो तो इथं. बाबांना ऑप्शन कळत नसेल. पण ४५,००० म्हणजे किती, हे त्यांच्याएवढं तुझ्या त्या सरांना कळत नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्या भावानं जवळपास साडेआठ क्विंटल, म्हणजे बरं पिकलं तर एका एकराची अख्खी रास. आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या पावसानं आपल्याकडं किती रानं पाण्याखाली गेली ते तू डोळ्यांनी बघितलंस. पेरणीच्या वेळी दुकानदार “हेच बियाणं न्या, उद्या संपेल” म्हणाला तर बाबा काय करतात? पिशवी उलटी करून लॉट नंबर वाचतात, पावती मागतात, शेजारच्या रानात गेल्या वर्षी काय उगवलं ते विचारून येतात. हेच तुला रविवारी करायचं होतं.

आपल्या भागातल्या माणसांचं दुखणं या लोकांना चांगलं माहीत आहे. बीडला, संभाजीनगरला मल्टिस्टेट सोसायट्या आणि पतसंस्था बुडाल्या, म्हातारी माणसं ठेवींच्या पावत्या घेऊन मोर्चात उभी राहिली. त्या जखमेवर बोट ठेवून म्हणतात, “ठेवून काय मिळालं? आता स्वतः कमवा.” पण त्या ठेवीदारांनाही कुणीतरी ‘जादा व्याज, आजच ठेवा’ असंच सांगितलेलं होतं.

आणि तू आईला गटातून उचलायला सांगणार आहेस. तुझ्या आईच्या गटाच्या बैठकीला मी एकदा हिशेब तपासायला गेले होते. सतरंजीवर बारा बाया, मधे रजिस्टर. एकीला ८,००० हवे होते. अध्यक्षबाईनं विचारलं, “कशाला गं?” ती म्हणाली, शिलाई मशीन. लगेच दुसरी म्हणाली, “जुनं का नवं?” तिसरी म्हणाली, “गावात दोन मशिनी हायत, तुला काम कोण देणार?” तिनं सांगितलं, शाळेच्या गणवेशाचं काम मिळतंय. मग सचिवानं ठराव वाचून दाखवला, सगळ्यांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे दिले. अर्धा तास गेला. तिला कुणी घाई केली नाही आणि तिलाही कुणी अपमान केला असं वाटलं नाही. तुझे ४३,००० त्या सतरंजीवर मांडायची तुझी तयारी आहे का? “कशाला रे?” याचं उत्तर बारा बायांसमोर देता येईल? येत असेल तर जरूर दे कोर्सला. मी अडवणार नाही.

आज करायचं ते सांगते. उरलेले पैसे भरू नकोस. हप्त्यासाठी आधार-पॅन दिलं असशील, ओटीपी सांगितला असशील, तर कर्ज झालंय का ते आत्ता बघ. झालं असेल तर करारात ‘कूलिंग ऑफ’ची मुदत शोध. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं डिजिटल कर्जात ती किमान १ दिवसाची द्यावीच लागते. तेवढ्यात मुद्दल आणि झालेल्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. म्हणून हे पत्र संपायच्या आधी ते तपास.

टोकनचे २,००० परत मागायला त्यांना व्हॉट्सॲप आणि ईमेल, दोन्ही कर. चार ओळी, तारीख, रक्कम, ‘मला कोर्स घ्यायचा नाही, पैसे परत करा’. फॉर्मवर ‘परतावा नाही’ छापलं म्हणून विषय मिटत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदव. नाहीच दिले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तू राहतोस त्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडं जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही.

ते फोन करतील. आधी गोड बोलतील, मग ‘तुमच्यासाठी सरांशी बोलून आणखी ५,००० कमी केले’ म्हणतील, शेवटी ‘तुमच्यासारख्यांचं काही होणार नाही’ असं लागेल असं बोलतील. हा क्रमही कागदावर लिहिलेला असतो. तू एकच म्हण: घरी विचारून सांगतो. कितीही वेळा म्हण. तुला लाज वाटली पाहिजे अशी त्यांची तयारी असते, तू वाटू देऊ नकोस.

शिकायचं असेल तर शीक, मला आनंदच आहे. सेबी आणि तिची प्रशिक्षण संस्था एनआयएसएम यांची गुंतवणूकदारांसाठीची ऑनलाइन परीक्षा मोफत असते, अभ्याससाहित्यही मोफत. अडलं तर माझ्याकडं ये.

शनिवारी गावाकडं येतोयस ना? तो फॉर्म, टोकनची पावती, आलेले सगळे मेसेज जपून ठेव, काही पुसू नकोस. लातूरला उतरलास की आधी माझ्याकडं ये, तिथून मी तुझ्याबरोबर घरी येते. बाबांना तूच सांगायचंस, मी नुसती शेजारी बसेन.

तुझी मॅडम