दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश कमांडोंच्या वेशभूषेसाठी फेअरबेर्न-साइक्स खंजिराची कोणती प्रतिकृती घ्यावी?

१९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेतील कमांडो साकारायचा असेल, तर कंगोरेदार मुठीची, काळसर रंगाची तिसऱ्या नमुन्याची प्रतिकृती घ्यावी. ती सहज मिळते आणि काळाशीही जुळते. हा नमुना १९४३ च्या उत्तरार्धात आला, त्यामुळे ऑगस्ट १९४२ मधील फ्रान्सच्या दिएप्प बंदरावरील छाप्यातील सैनिकाच्या कमरेला तो लावणे ही उघड चूक ठरेल. १९४१ मध्ये विल्किन्सन कंपनीने बनवलेल्या पहिल्या नमुन्याची ओळख म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधली, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली आडपट्टी, चौकड्या कोरलेली मूठ आणि पात्याच्या बुडाशी असलेला सपाट चौकोन. दुसऱ्या नमुन्यात आडपट्टी सरळ झाली आणि तो चौकोन गेला. विकत घेताना पात्याचा दांडा मुठीतून आरपार जाऊन टोकाला नटाने आवळलेला आहे का, हे आधी पाहावे, कारण स्वस्त प्रतिकृतींची मूठ नेमकी तिथेच खिळखिळी होते. चामड्याच्या म्यानाला गणवेशावर शिवण्यासाठी कानपट्ट्या हव्यात. अनेक विक्रेते इथेच हात आखडता घेतात. हातघाईच्या प्रात्यक्षिकात मात्र पोलादी पाते, बोथट केलेले असले तरी, वापरू नये. टोक अतिशय निमुळते असल्याने तिथे रबरी प्रतच बरी. संग्रहासाठी घेत असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिसऱ्या नमुन्याचे उत्पादन युद्धानंतरही चालू राहिल्याने केवळ घडणीवरून ‘युद्धकालीन अस्सल’ म्हणून सांगितलेली किंमत मान्य करू नये.