आउटपुट, आउटकम आणि ‘-ऊ लागणे’

प्रश्न असा: ऐरोलीतल्या एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाला ओला-सुका कचरा उपक्रमाचं ‘लॉजिक मॉडेल’ (साधनांपासून कृती आणि तिच्या परिणामांपर्यंतची साखळी दाखवणारा तक्ता) मराठीत मांडायचंय. आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट या तिन्ही रकान्यांवर ‘परिणाम’च लिहिलं गेलंय. वेगळे शब्द कोणते?

आउटकमसाठी फार शोधायला नको. शाळांमध्ये ‘अध्ययन निष्पत्ती’ रुळली आहे, त्यातली ‘निष्पत्ती’ उचला. आउटपुटला ‘उत्पादन’ म्हटलं की तुर्भ्याच्या एमआयडीसीतला कारखाना आठवतो. सरळ ‘झालेलं काम’ लिहा. इम्पॅक्टला ‘दूरगामी परिणाम’ चालेल, इनपुटला ‘साधनं’. (‘निविष्ठा’ हा शब्दही आहे, पण तो बी-बियाण्यांच्या दुकानात शोभतो.)

मात्र मथळे बदलले तरी मजकूर चुकीच्या रकान्यात जातोच. तिथे क्रियापद मदतीला येतं. साधनं ‘आहेत’, कृती ‘आम्ही करू’, झालेलं काम ‘झालं’. निष्पत्तीच्या वाक्याचा कर्ता मात्र आपण नसतो, वस्तीतली माणसं असतात, आणि क्रियापदाला ‘-ऊ लागणे’ किंवा ‘-एनासे होणे’ जोडता येतं. ‘४ सभा झाल्या, ४० घरांत दोन-दोन डबे दिले’ हे झालेलं काम. ‘४०पैकी २६ घरं कचरा वेगळा ठेवू लागली’, ‘लोक गटाराकडेला पिशव्या टाकेनासे झाले’ ही निष्पत्ती. ‘जागृती झाली’ या वाक्यात वस्तीतली माणसं कर्ता नाहीत, ते खोडा.

सगळ्यात जास्त गल्लत तासांची होते. योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात, म्हणून ‘१०० स्वयंसेवकांचे १२,००० तास’ हा आकडा अहवालात ‘परिणाम’ म्हणून झळकतो. तास हे साधन आहे. वस्तीतलं एकही घर न बदलता ते पूर्ण भरू शकतात.

तक्ता भरताना उजवीकडून, म्हणजे दूरगामी परिणामापासून सुरुवात करा आणि मग डावीकडून ‘जर… तर’ लावून मोठ्याने वाचा. ‘जर डबे दिले, तर कचरा वेगळा होईल; जर वेगळा झाला, तर डम्पिंगला कमी जाईल.’ दुसऱ्या वाक्याशी जीभ अडखळायला हवी. घंटागाडीत दोन्ही डबे एकत्रच रिकामे होत असतील तर? ही अट ‘गृहीतक’ म्हणून वेगळी लिहा आणि डबे विकत घेण्याआधी गाडीवर जाऊन तपासा.

मोजणी आधीही करावी लागते, नाहीतर ‘लागली’ कशाच्या तुलनेत? सलग ७ दिवस ओला आणि सुका कचरा वेगवेगळा वजन करा, ३ महिन्यांनी पुन्हा ७ दिवस. यातला कोणताही आठवडा गणपती-दिवाळीचा नको. निर्माल्य आणि खोक्यांनी वजन फुगतं.

राहिलं ‘लॉजिक मॉडेल’. ‘तार्किक प्रतिमान’ शब्दकोड्यातलं वाटतं. ‘कार्यकारण आराखडा’ जास्त बरा. गंमत म्हणजे ‘कार्यकारणभाव’मधल्या ‘कार्य’चा अर्थ काम नव्हे, तर कारणातून निपजलेलं फळ. धोका एकच: घाईत तो ‘कार्यकारिणी आराखडा’ वाचला जातो, तेव्हा मथळ्यात ‘कार्य-कारण’ असं तोडून लिहा.