उपसा घटला, खप तेवढाच?

प्रश्न : एका मोठ्या कंपनीच्या अहवालात ‘पाण्याचा उपसा २० टक्क्यांनी घटला’ असं ठळक छापलंय. आतल्या तक्त्यात मात्र खप गेल्या वर्षीइतकाच! आकडे चुकलेत का?

उत्तर : नाही, दोन्ही बरोबर असू शकतात. जीआरआय ३०३ (२०१८) या, कंपन्यांनी पाण्याचा अहवाल कसा द्यावा ते सांगणाऱ्या मानकात खप म्हणजे उपसा (बाहेरून घेतलेलं पाणी) वजा विसर्ग (बाहेर सोडलेलं पाणी). थोडक्यात, जे पाणी परत सोडलं गेलं नाही ते.

कूलिंग टॉवर घ्या, म्हणजे थोड्या पाण्याची वाफ करून बाकीचं गरम पाणी थंड करणारा मनोरा. समजा, रोज १०० घनमीटर पाण्याची वाफ होते. क्षार मागेच राहतात, म्हणून थोडं पाणी काढून टाकावं लागतं. हे ब्लोडाऊन. फिरत्या पाण्यातले क्षार नव्या पाण्याच्या तिप्पट होऊ दिले तर ब्लोडाऊन ५० घनमीटर आणि भरायचं पाणी, म्हणजेच उपसा, १५०. सहापट होऊ दिले तर ब्लोडाऊन २०, भरायचं १२०. उपसा २० टक्क्यांनी उतरला, वाफ १०० ती १००च. आणखी ताणून दहापटीवर गेलात तरी वाचतात जेमतेम ९ घनमीटर, आणि कंडेन्सरच्या (हे पाणी जिथून उष्णता उचलतं त्या यंत्राच्या) नळ्यांत क्षारांचे थर बसायचा धोका वाढतो. वाफच कमी करायची तर उष्णता घटवावी लागते किंवा हवेवर थंड करावं लागतं. त्याला वीज जास्त लागते.

तेव्हा ठळक टक्केवारी बाजूला ठेवा आणि पाण्याचा ताण असलेल्या भागांतला उपसा व खप वेगळा दिलाय का ते बघा. हे मानक तो मागतंच. पाणी मुबलक असलेल्या कारखान्यातल्या बचतीने टंचाईच्या गावाला काय मिळणार?

प्रश्न : खपाचा आकडा सहसा कुठे फसतो?

उत्तर : विसर्गाच्या मीटरवर. विद्युतचुंबकीय मीटर वेग मोजतं आणि पाइप भरलेलाच आहे असं धरून हिशेब करतं. पाइप अर्धवट वाहत असेल तर विसर्ग फुगतो, खप आपोआप कमी दिसतो. मीटर पाइपच्या खोलगट भागात बसवा, म्हणजे तिथे पाणी कायम भरलेलं राहील. उघड्या नाल्यात प्रवाह मोजायला व्ही आकाराची खाच असेल तर पातळी मोजणारा सेन्सर दर आठवड्याला पट्टीने पडताळा. तिथला प्रवाह खाचेतल्या पाण्याच्या उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो, त्यामुळे उंचीत ५ टक्के चूक झाली की प्रवाहात जवळपास १३ टक्के होते.