हात वर केला, उत्तर आलं

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही रावपुऱ्यात राहतो. मुलगा ११ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम आहे. १० पर्यंत म्हणतो, पुढे सगळा गोंधळ. पेन्सिल हातात दिली की हसतो, गळ्यात पडतो आणि अभ्यास तिथेच संपतो. पण नवरात्रात आमच्या सोसायटीच्या गरब्यात तीन ताळी बरोब्बर धरतो, एक पण चुकत नाही. आता एका सेंटरवाल्यांनी सांगितलं की कॅमेऱ्यासमोर हात हलवून शिकायचे गेम असतात, सहा महिन्यांचं पॅकेज घ्या, मूल वाचायला लागेल. आणि एक ओळखीचे जुना काइनेक्टचा सेट विकतायत. काय करू? (एक आई, वडोदरा)

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, ती म्हणजे गरबा. तीन ताळी धरायची तर आवाज ऐकायचा, पुढच्याचं बघायचं, पाय टाकायचा, वळायचं आणि नेमक्या जागी टाळी द्यायची, आणि हे सगळं तो करतोय. म्हणजे क्रम लक्षात राहतोय, मोजणं अंगात आहे, फक्त ते तोंडातून आणि पेन्सिलीतून बाहेर यायला अडतंय.

हे का होतं ते सांगते. डाऊन सिंड्रोम म्हणजे जन्मतः एक गुणसूत्र जास्त असणं. या मुलांचे स्नायू मुळात सैल असतात आणि सांधेही जास्त वाकतात, त्यामुळे पेन्सिल धरणं हेच एक मोठं काम होऊन बसतं आणि सगळं लक्ष तिथेच जातं. शिवाय ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं त्यांना जड जातं, बघितलेलं त्यामानाने चांगलं राहतं. बोलण्यापेक्षा समजतं जास्त. म्हणून आपण विचारतो "सातनंतर काय?" आणि तो गप्प राहतो, तेव्हा त्याला येत नाही असं आपण धरून चालतो. तो गळ्यात पडतो ना, ते प्रेम आहेच, पण अवघड कामातून सुटायचा त्याला सापडलेला रस्ता पण आहे. मी वर्गात कितीदा फसलेय याला.

कॅमेऱ्याचे गेम नेमके इथे उपयोगी पडतात. काइनेक्ट हे मायक्रोसॉफ्टचं यंत्र २०१० मध्ये आलं, ते डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाने समोरच्या माणसाचं अंतर मोजतं आणि शरीराचे २० सांधे ओळखून पडद्यावर तशीच हालचाल दाखवतं. म्हणजे पडद्यावर ७ आणि ९ आलं की मुलाने हात वर करून त्यातल्या एकाला लावायचा. पेन्सिल नाही, माउस नाही, बोलायची सक्ती नाही. हात वर केला, उत्तर आलं, आणि चूक की बरोबर ते लगेच दिसलं.

खरंच फायदा होतो का, तर २०११ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी डाऊन सिंड्रोमच्या मुलांना निन्टेन्डोच्या वी वर, म्हणजे हातात रिमोट धरून हालचालीने खेळायच्या यंत्रावर, खेळवून बघितलं आणि नेहमीची ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून देतात ती) घेणाऱ्या मुलांशी तुलना केली, तेव्हा वी वाल्या मुलांच्या हालचालीत, डोळा आणि हाताच्या मेळात चांगला फरक दिसला. पण लक्षात घ्या, तो फरक हालचालीतला आहे. सहा महिन्यांत वाचायला लागेल अशी हमी कोणी देत असेल तर ती यंत्राच्या जिवावर देता येत नाही. त्या सेंटरला विचारा की आमचा मुलगा आज काय करू शकतो ते तुम्ही लिहून घेणार का, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच बघणार का. यावर उत्तर गोलगोल आलं तर पैसे देऊ नका.

जुना सेट तर घाई करून घेऊच नका. काइनेक्ट बनवणं २०१७ मध्येच बंद झालंय, कंप्युटरला जोडायला वेगळा अडॅप्टर लागतो, आणि बिघडलं तर कोण दुरुस्त करणार. हल्ली साध्या फोनच्या कॅमेऱ्याने पण शरीराची हालचाल ओळखणारे अ‍ॅप निघालेत. फोन टेबलावर टेकवा, मुलाला इतकं मागे उभं करा की डोकं ते पाय सगळा दिसेल, मागे खिडकीचा उजेड नको. आणि ते अ‍ॅप व्हिडिओ कुठे साठवतं का ते आधी बघा, मूल आपलं आहे.

पण आजपासून काहीच विकत न घेता करता येईल असं सांगते. घरातल्या फरशीवर खडूने ० ते २० आकडे ओळीत लिहा, एका लादीवर एक. तुम्ही टाळी द्या, त्याने पाऊल टाकायचं, ज्या लादीवर थांबेल ती त्याची संख्या. १० च्या पुढे गोंधळ होतो त्याला अजून एक कारण असू शकतं. मराठीत अकरा, बारा, तेरा यात "दहा" ऐकूच येत नाही, आणि बडोद्यातल्या मुलाला घरी अकरा, शेजारी गुजराती अगियार आणि शाळेत इलेव्हन, एकाच संख्येची तीन नावं ऐकू येतात. घरातली कुठलीच भाषा बंद करू नका हं, त्याची काही गरज नाही, फक्त आकडे शिकताना महिनाभर एकच नाव वापरा. नाव घसरलं तरी लादीची जागा बदलत नाही, हे त्याच्या पायाला कळेल.

आणि विचारल्यावर थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपण दोन सेकंदात पुन्हा विचारतो आणि त्याचं जुळत आलेलं उत्तर मोडतो. गेममध्ये पण वेळ कमीजास्त करायची सोय आहे का ते बघा, नसेल तर तो गेम त्याच्यासाठी नाही. सुरुवातीला सोपं द्या, चुकू देण्याआधी हात धरून बरोबर जागी न्या, मग हळूहळू हात सोडा. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. आठवड्याने तीच संख्या भाजीवाल्याकडे मागा, "सात लिंबं घे" म्हणा. पडद्यावर आलं आणि पिशवीत नाही आलं, तर अजून शिकणं बाकी आहे.

प्रश्न: नात ६ वर्षांची, डाऊन सिंड्रोम, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय. उड्या मारायचे गेम चालतील का? (आजोबा, दांडिया बाजार)

उत्तर: आजोबा, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, त्याशिवाय नको. जवळजवळ निम्म्या डाऊन सिंड्रोमच्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, तेव्हा डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही. दुसरी गोष्ट मानेची. वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींचा सैल असतो, म्हणून कोलांट्या आणि डोक्यावर भार येईल असं काहीही, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. मान दुखते म्हणाली, मान वाकडी धरू लागली, चालणं बदललं, हातापायातला जोर कमी वाटला, किंवा सुटलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू झालं, तर खेळ बंद करून त्याच दिवशी दाखवा. कान पण तपासून घ्या. कानात पाणी साठून ऐकू कमी येणं या मुलांमध्ये खूप होतं आणि आपण म्हणत बसतो की लक्ष देत नाही. तोवर उभ्या उभ्या हात हलवायचे गेम मिळतात का ते बघा, आणि ते पण डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

प्रश्न: माझी बहीण २६ वर्षांची आहे, तिलाही डाऊन सिंड्रोम आहे. हे हालचालींचे गेम लहान मुलांसाठीच असतात ना? आता उशीर झाला असेल. (भाऊ, वडोदरा)

उत्तर: उशीर वगैरे काही झालेला नाही. डाऊन सिंड्रोमची माणसं मोठेपणी पण शिकत राहतात, आपणच शिकवणं थांबवतो. फक्त तिला ससा आणि फुग्यांचे गेम देऊ नका, ती २६ ची आहे. तिला चहा करायला शिकायचाय का, बसमध्ये एकटं जायचंय का, दुकानात सुटे पैसे मोजायचेत का, ते विचारा आणि त्याच्याच हालचाली घ्या. तुम्ही गॅस पेटवताना, दूध ओतताना फोनवर छोटे छोटे व्हिडिओ करा, तिने बघून तसंच करायचं. वजन वाढत असो वा नसो, थायरॉइडची तपासणी वर्षातून एकदा करा, आणि नाचायचे गेम जरूर द्या, ते मात्र तिच्या आवडीच्या गाण्यावर. गाणं कुठलं हवं ते तिला विचारलंत का? पत्रात तुम्ही तिचं वय लिहिलंय, उशीर झाला म्हणालात, पण तिला काय हवंय ते कुठेच नाही. ते विचारून मला परत लिहा.